चांदीच्या हंड्याची कलई

आई गेली त्याच्या पाचव्या महिन्यात मी बाबांना घेऊन जयपूरला गेले. सिंदी मेघ्यातल्या आमच्या गल्लीत हे कुणालाच पटलं नाही. समोरच्या काकूंनी तर दारात थांबवूनच विचारलं, "एवढ्यात फिराले?" काशीला गेलो असतो तर कुणी चकार शब्द काढला नसता, उलट ओटीत नारळ घातला असता. पण वर्षश्राद्ध व्हायच्या आत राजवाडे पाहायला जायचं म्हणजे त्यांच्या लेखी आम्ही लाजच सोडली होती. मी चपला घालून कचेरीत गेले. उत्तर द्यायला आधी काहीतरी वाटावं लागतं, आणि मला त्या दिवसांत काहीच वाटत नव्हतं.

हे जरा नीट सांगते. मी रडले नव्हते. आईला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी शेजाऱ्यांकडून सतरंज्या मागून आणल्या आणि कुठली कुणाची हे नंतर कळावं म्हणून त्यांच्या कोपऱ्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले. तेरवी झाल्याबरोबर मृत्यूचा दाखला काढला, रेशन कार्डातून नाव कमी केलं, गॅसचं पुस्तक माझ्या नावावर करून घेतलं. मी स्वतःच एका सरकारी कचेरीत कारकून, कागद कुठल्या टेबलावर अडतो ते मला पाठ आहे. बायका यायच्या, माझा हात हातात घेऊन म्हणायच्या, "रड बाई, मोकळी होय." जसा काही मी नळ बंद करून ठेवला होता. मला भूक लागत होती, झोप लागत होती, कचेरीत कुणी काही गमतीचं सांगितलं तर हसूही येत होतं. फक्त आईचा विषय निघाला की दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल होतो तसं व्हायचं. हात लावला तर गाल आहे हे कळतं, पण तो आपला वाटत नाही.

बाबांचंही तसंच असावं. ते बोलत नव्हते एवढंच. आईच्या तेरवीला दुसरा आचारी बोलावला होता, आणि बाबा मांडवात खुर्चीवर बसून त्याच्या भट्टीकडे पाहत होते. मध्येच उठले, वरणाच्या पातेल्याजवळ गेले आणि म्हणाले, "मीठ कमी हाय." त्या दिवसभरात ते एवढंच बोलले. वरणात मीठ खरंच कमी होतं.

माझे बाबा यात्रेच्या गाडीवरचे आचारी होते. आमच्याकडून दिवाळी झाली की यात्रेच्या गाड्या निघतात. चाळीस-पन्नास माणसं, त्यांच्या वळकट्या, आणि गाडीच्या पोटात भट्ट्या, सिलिंडर, तांदळाची पोती, तेलाचे डबे. उज्जैन, पुष्कर, जयपूर, मथुरा, हरिद्वार असा तो वळसा असतो. आमच्या माणसांना देव कुठल्याही गावचा चालतो, पण वरण-भात आपल्याच हातचा लागतो. राजस्थानात जाऊन राजस्थानचं काही खातील तर शपथ. तेव्हा गाडी जिथे थांबेल तिथे, गाडीतळावर, कुठल्यातरी झाडाखाली बाबा भट्टी पेटवायचे. सकाळी पोहे, दुपारी वांग्याची भाजी आणि पोळ्या, परतीच्या आदल्या दिवशी पाटवडीचा रस्सा. हे त्यांनी वीस-बावीस वर्षं केलं. जयपूरला तर दरवर्षी जाणं व्हायचं.

आम्ही तेव्हा पवनारला राहायचो. यात्रेचा हंगाम जवळ आला की बाबा आपले पितळी गंज, म्हणजे ती पोटं सुटलेली मोठी पातेली, अंगणात काढायचे आणि कलईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून तो भाता लावायचा, गंज तापवायचा, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवायचा. पांढरा धूर डोळ्यांत जायचा आणि बघता बघता काळपट पितळ आतून चांदीसारखं लख्ख व्हायचं. आई पदर नाकाला लावून शेजारीच बसायची. कुठे जागा सुटली तर ती बोट दाखवायची, कारण कलई उडालेल्या भांड्यात आंबट भाजी कळकते आणि पन्नास माणसं गाडीत आजारी पडली की बोलणी आचाऱ्यालाच बसतात. भांड्याचं पोट आतून बघायची सवय आईला तेव्हापासूनची. लग्नाला गेली तरी ती पंगतीत बसायच्या आधी गंजात डोकावून यायची.

जयपूरहून बाबा आईसाठी दरवर्षी लाखेच्या बांगड्या आणायचे आणि एक नवी गोष्ट. गोष्ट आईला बांगड्यांपेक्षा जास्त आवडायची. बाबा हातपाय धुऊन ओट्यावर बसले की ती विचारायची, "मंग? आता काय पाह्यलं?" बाबा सांगायचे. एक महाल आहे, त्याला नुसत्या खिडक्याच खिडक्या. एक खोली आहे, तिच्यात एक दिवा लावला की भिंतीत हजार दिवे लागतात. आणि राजाच्या वाड्यात चांदीचे दोन हंडे आहेत, माणसाएवढे उंच. राजा विलायतेला गेला तेव्हा तिथलं पाणी चालत नाही म्हणून त्यांत गंगेचं पाणी भरून घेऊन गेला. ही हंड्यांची गोष्ट आईच्या सगळ्यांत लाडकी. राजालासुद्धा परमुलखात घरचंच पाणी लागायचं, याचं तिला फार कौतुक होतं.

"आतून पाह्यला का तुम्ही?" तिनं पहिल्याच वेळी विचारलं होतं. मला ते चांगलं आठवतं, मी तिसरीत होते.

"पाह्यला त," बाबा म्हणाले होते. "वाकून पाह्यला. आतून अशी कलई हाय, का कालच केली."

पुढे ही गोष्ट आईनं आपलीच करून टाकली. हळदी-कुंकवाला, बारशाला, बसस्टँडवर गाडीची वाट पाहताना, कुणीही भेटो, दहा मिनिटांत बाई जयपूरच्या हंड्यांवर यायची. हातांनी हंड्याचं पोट दाखवायची आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणायची, "आणि आतून कलई! कालच केल्यासारकी." माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण, कारंज्याला दिलेली. ती तोंडाची फटकळ. ती नाक मुरडून म्हणायची, "वैनी, दादा फेकते अन् तू झेलते." आई चिडायची नाही. म्हणायची, "एक दिवस जाऊन पाहीन अन् तुले सांगीन."

तो दिवस आला नाही. बाबा दरवर्षी काही ना काही सांगायचे. यंदा गाडी भरली आहे. यंदा तुझे गुडघे दुखतात, तिथे चढ फार. पुढे बाबांचा खांदा गेला, गंज उचलवेना, त्यांनी यात्रेवर जाणं सोडलं, आम्ही सिंदी मेघ्यात राहायला आलो, मी नोकरीत स्थिरावले. तेव्हा मी दोनदा म्हटलं, चला, तिघंही जाऊ. दोन्ही वेळा बाबांनीच मोडता घातला. "मी पाह्यलेलंच हाय," ते म्हणाले. "अन् हिले काय, सगळं सांगतलं हाय."  आई दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी उठली आणि तिनं नेहमीसारखा चहा ठेवला.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात आई एका दुपारी चांगली शुद्धीवर होती. मी तिला मोसंबीचा रस चमच्यानं पाजत होते. ती म्हणाली, "मी काही आता जयपूरले जात नाई. तू बाबाले घेऊन जाजो. थो हंडा पाह्यजो, आतून. अन् तुया आत्याले सांगजो." मी हो म्हटलं. आजारी माणसाला आपण हो म्हणतोच. पण ती गेल्यावर सगळे कागद झाले, सगळ्या सह्या झाल्या आणि करण्यासारखं एवढं एकच काम उरलं. मी ते कागदासारखंच करायला घेतलं. रजा टाकली, नागपूरहून रेल्वेची तिकिटं काढली आणि बाबांना सांगितलं.

बाबा घाबरले. मला तेव्हा वाटलं, प्रवासाला घाबरले असतील. "काय पाहाचं त्यात?" ते म्हणाले. "तू एकटी जाय. मी पाह्यलेलं हाय."

"आईनं तुमाले घेऊन जा म्हटलं होतं."

 बाबा उठले आणि प्रवासासाठी चिवडा करायला लागले.

रेल्वेत ते खिडकीशी बसून राहिले. मी त्यांना मध्येच विचारलं, "हंडे कोणत्या बाजूले आहेत म्हणे, बाबा?" ते म्हणाले, "दरवाजातून आत गेलं का डाव्या हाताले." आणि बाहेर पाहू लागले. मी कारकुनासारखी ही नोंद डोक्यात करून ठेवली.

जयपूर गुलाबी नाही, गेरूच्या रंगाचं आहे. आमच्या गावच्या शाळेच्या भिंती पंधरा ऑगस्टच्या आधी ज्या रंगानं सारवतात त्या रंगाचं. माझ्या तोंडून हे ऐकून तिथला रिक्षावाला नाराज झाला. लोक वाटेत गाड्या थांबवून त्या खिडक्यांच्या महालाचे फोटो काढत होते. मीही काढला. बाबा रिक्षातून उतरले नाहीत, वाकून त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "हे बाहेरूनच पाहाचं असते." त्यात मात्र ते बरोबर होते.

राजवाड्याच्या दारातून आत गेलो. डाव्या हाताला हंडे नव्हते. डाव्या हाताला एक दुकान होतं. पुढे एक मोठं दार, मग एक चौक, मग आणखी एक दार. मी दोनदा पहारेकऱ्यांना विचारलं. बाबा माझ्या मागून चालत होते. हा माणूस जन्मभर कुठेही गेला तर दहा पावलं पुढे असायचा, आठवड्याच्या बाजारात आई आणि मी त्याच्या मागे पळायचो. इथे तो माझ्या सावलीतून चालत होता आणि मी थांबले की थांबत होता.

चौकाच्या मधोमध उंच जोत्यावर खांबांची एक उघडी बैठक आहे. तिच्या पायऱ्यांशी बाबांनी चपला काढल्या, जोडीनं बाजूला ठेवल्या आणि अनवाणी वर चढले. फेटा बांधलेला पहारेकरी हसला. "पहन लीजिए बाबाजी, मंदिर नहीं है." बाबा ओशाळले, खाली आले, चपला घालू लागले. त्यांना पट्टा सापडेना, म्हणून मी खाली बसून तो लावून दिला. वीस वेळा इथे येऊन गेलेल्या माणसाला चपला घालून वर जातात हे माहीत नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. कळलं, आणि आत काहीच हललं नाही.

हंडे वर होते. खरे होते. दोन, चांदीचे, उंचीला जवळजवळ माझ्याएवढे, लख्ख. भोवती दोरी. आणि दोन्हींवर झाकणं, घट्ट बसवलेली. दोरीच्या आत कुणाला जाऊ देत नव्हते, मग वाकून आत पाहणं दूरच. आणि झाकण नसतं तरी आत डोकवायला बाबांना वाकायचं सोडा, स्टुलावर चढावं लागलं असतं. मी हे सगळं पाहिलं आणि मग मला त्याहून साधी गोष्ट सुचली. चांदीच्या भांड्याला कलई लागतच नाही. कलई पितळेला, तांब्याला. हे बाबांइतकं कुणाला ठाऊक असणार? पण आचारी माणूस थाप मारायला लागला तरी ती आचाऱ्याचीच मारणार. भांडं म्हटलं की आतून कलई आलीच.

बाबा मात्र मला विसरले होते. त्यांनी पहिल्या हंड्याभोवती दोरीच्या कडेकडेनं दोन फेऱ्या मारल्या. बुडाशी वाकून पाहिलं. "सांधा नाई कुठंच," ते म्हणाले. मग मागे सरून डोळे बारीक केले, भांड्यात किती माणसांचा भात बसेल हे ठरवताना करायचे तसे. "भरला त उतरवत कसे असतीन याले?"

"बाबा," मी म्हटलं, "वर झाकण आहे."

ते मान वर करून झाकणाकडे पाहू लागले.

"पयले नव्हतं का?" मी विचारलं.

"असंन," ते म्हणाले, आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत राहिले. तो स्वच्छच होता.

मी एक फोटो काढला. त्यात दोन हंडे आहेत आणि मध्ये बाबा, चष्मा हातात धरलेले. तिथून आम्ही बाकीचं सगळं पाहिलं, कपडे, तलवारी, मोरांचं दार. तिकीट काढलं आहे तर पाहावं म्हणून पाहिलं.

बाहेर पडल्यावर बाबा पहिल्यांदा पुढे झाले. मला काही न सांगता डावीकडे वळले, मग एका गल्लीतून, मग रस्ता ओलांडून, न चुकता. मी मागे पळत होते. एका मोठ्या मैदानाशी ते थांबले. तिथे यात्रेच्या गाड्या उभ्या होत्या, कुठल्या कुठल्या राज्यांच्या. कडेला कडुनिंब, त्याच्याखाली दगडी ओटा, ओट्याला लागून नळ. ओट्याच्या पलीकडे चहाची टपरी. टपरीतला म्हातारा बाबांकडे पाहत राहिला आणि एकदम ओरडला, "अरे महाराज! इतने साल कहाँ थे? गाड़ी किधर लगाई आज?"

तिकडे आचाऱ्याला महाराज म्हणतात. बाबा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. म्हाताऱ्यानं आम्हाला चहा दिला, हात धरून बाबांना ओट्यावर बसवलं आणि मला सांगू लागला, की महाराज इथेच बसायचे, याच ओट्यावर, यांच्या हातची बेसनाची वडी त्यानं किती वेळा खाल्ली. "मैं बोलता था, आप भी अंदर देख आओ, भट्टी मैं देख लूँगा. एक बार नहीं गए. बोलते थे, पचास आदमी का खाना छोड़ के कैसे जाऊँ." मग गिऱ्हाईक आलं म्हणून तो उठून गेला.

बाबा कपात बघत होते.  शेवटी तेच बोलले.

"लोकं जेवाले बसत. पाह्यलेलं सांगत एकमेकाले. मी वाढता वाढता ऐको. तेच तुया मायले सांगो. तिनं इचारलं, आतून कसा हाय. आता काय सांगू? बाहेरून बी पाह्यला नोता मी."

"मंग एकदा तिले आणाचं होतं ना. काऊन नाई आणलं?" माझा आवाज चढला होता. टपरीवरच्या दोन माणसांनी वळून पाहिलं. "मी दोनदा म्हटलं होतं. आमी दोघी बी तयार होतो."

"आणली होती." बाबा म्हणाले. "जयपूरले नाई. उज्जैनले. तू नोती तवा. लग्नाले दोन वर्सं झालते. तिले वाटलं, फिराले चाललो. आचाऱ्याची बायको गाडीत आली का तिच्यापुढं सूप ठेवते लोकं, कांदे ठेवते. कोणी हुकूम नाई करत, तशी रीतच हाय. पाच दिवस थे गाडीतळावर भाजी चिरत बसली. देवाचा कळस पाह्यला तिनं, लांबून. घरी आल्यावर म्हणे, चांगलं होतं उज्जैन. मी तवाच ठरवलं, हिले गाडीवर आणाचं नाई."

"अन् गाडीवर जाणं सुटल्यावर? मी नेत होती तवा?"

त्यांनी कप ओट्यावर ठेवला.

"तवा लय सांगून झालतं, बाई," ते म्हणाले. "थे इथं आली असती त मले इथलं काही ठाऊक नाई हे तिले दिसलं असतं."

मला राग आला. म्हणजे, राग येतो तशी जागा कुठेतरी गरम झाली आणि पुन्हा थंड पडली. दोन्ही कारणं खरी होती, त्यातलं एक चांगलं होतं आणि एक नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "तुमी फार वाईट केलं, बाबा." ते म्हणाले, "हो." मी रिकामे कप टपरीवर नेऊन ठेवले. येताना राजवाड्याला लागून असलेल्या कृष्णाच्या देवळातले लाडू घेतले, कारण घरी लोक येणार आणि हातावर ठेवायला काहीतरी हवं. बाबा देवळाबाहेरच हात जोडून उभे राहिले. परतीच्या प्रवासात आम्ही चिवडा खाल्ला आणि एकमेकांना पाण्याची बाटली दिली.

यात्रेहून माणूस आलं की आमच्याकडे आळीतली माणसं भेटायला येतात. पाया पडतात, प्रसाद घेतात, काय पाहिलं विचारतात. आम्ही काही यात्रेला गेलो नव्हतो, पण माणसं आली. ज्यांनी नाकं मुरडली होती तीही आली. आत्या कारंज्याहून सकाळच्या बसनं आली. बैठकीच्या खोलीत मी सतरंजी घातली, लाडूचे तुकडे ताटलीत ठेवले. बाबा स्वयंपाकघरात होते, सगळ्यांसाठी पोहे करत होते. पुढ्यात कढई असली की त्यांना लोकांशी बोलावं लागत नाही.

मी मोबाईलवर फोटो दाखवत होते. हंड्यांचा फोटो आला आणि बायका पुढे सरकल्या. आत्यानं मोबाईल हातात घेतला, दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. वीस वर्षं ज्या गोष्टीला ती थाप म्हणत आली ती तिच्या हातात होती.

"आहेत म्हणजे," ती म्हणाली.

"आहेत," मी म्हटलं.

आत्यानं पदर डोळ्यांना लावला. मग ती आत्याच असल्यामुळे तिनं मान वर करून विचारलं, "अन् आतून? आतून पाह्यला? वैनी म्हणे, कलई हाय म्हणून."

सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. यातल्या प्रत्येकीनं ती गोष्ट आईच्या तोंडून ऐकली होती, हातांनी दाखवलेल्या पोटासकट. मी आईला हो म्हटलं होतं. ते काम म्हणजे शेवटचा कागद होता, एवढी एक सही केली की फाइल बंद. स्वयंपाकघरात कढईत झारा फिरत होता.

"पाह्यला," मी म्हटलं. "आतून कलई आहे. कालच केल्यासारकी."

आत झारा थांबला. बाबा दारात आले. हातात सांबार होता, म्हणजे कोथिंबिरीची धुतलेली, पाणी गळत असलेली जुडी. तिचं पाणी फरशीवर पडत होतं आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"नाई," ते म्हणाले. आत्याला नाही, मला. "चांदीले कलई नाई करत, बाई. लागतच नाई. मी तिले चुकीचं सांगतलं होतं."

आत्यानं मोबाईल सतरंजीवर ठेवला. 

"थे वाट पाहे, कोण्या साली नवीन काय आणतो म्हणून. अन् मी दर साली लोकायचं ऐकलेलंच सांगो." बाबांनी जुडीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं. "तिले सांगाचं राहून गेलं. एवढी पवनारच्या अंगणात धुरात बसे माझ्यासंगं. तिले समजलं असतं."

मी उठले. मला वाटलं, फरशी पुसावी, कुणीतरी घसरेल. स्वयंपाकघराच्या मागे फडकं अडकवलेलं असतं, तिथपर्यंत मी गेले. फडकं आईच्या जुन्या लुगड्याचं होतं. ते हातात घेतलं आणि मला रडू आलं. पाच महिन्यांचं एकदम आलं, आवाजासकट. बाहेर बायकांना ऐकू गेलं असणार, कारण समोरच्या काकू "रडली, रडली बाई" म्हणत धावत आत आल्या. बाबांनी त्यांना हातानं थांबवलं, गॅस बंद केला आणि माझ्याजवळ जमिनीवर बसले. पोहे तसेच झाकून राहिले. ते सगळ्यांनी नंतर थंडच खाल्ले.